गच्ची गळण्याआधी
छताला ओल दिसली की आपण थेट डागाच्या वरची जागा फोडतो. मीही तेच केलं होतं. पाणी मात्र दहा फूट लांबून, कठड्याच्या सांध्यातून येत होतं.

म्हणून पावसाळ्याआधी गच्ची झाडून घ्या आणि कठड्याच्या कडेकडेने नाण्याने ठोकत फिरा. बद्द आवाज आला की तिथला गिलावा सुटलाय. भेग खरवडा, धूळ पूर्ण काढा, मगच लवचीक सीलंट, म्हणजे भेग बुजवणारं रबरासारखं भरण, भरा. नुसतं सिमेंट ऊन-थंडीच्या ताणाने पुन्हा तडकतं. पाइपाच्या तोंडावरची जाळी साफ करा. पाऊस थांबून ४८ तासांनीही पाणी साचलेलं असेल, तर उतारच चुकलाय. कौलारू छपरावर मात्र कृपा करून चढू नका, खालून दुर्बिणीने पाहा.