एआय पॉलिसीत यायचंय? मग आकडा सुटा सोडू नका

एमएलमधे (मशीन लर्निंगमधे) चार-पाच वर्षं काढलेली मंडळी हल्ली विचारतात की एआय गव्हर्नन्सकडे, म्हणजे एआयचे नियम आणि धोरण ठरवण्याच्या कामाकडे वळायचंय, कोणता कोर्स करू. कोर्सचं आधीच सांगून टाकतो, वीकेंडच्या सर्टिफिकेटने काहीही होत नाही. त्यात जे शिकवतात ते तुम्ही घरबसल्या वाचू शकता, वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा डीपीडीपी कायदा २०२३, युरोपचा एआय अ‍ॅक्ट, आणि केंद्राच्या आयटी मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या एआय गव्हर्नन्स गाइडलाइन्स. मूळ मजकूर वाचा, लिंक्डइनवरचे सारांश नकोत. आणि हो, त्या गाइडलाइन्स तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आयआयटी मद्रासचे प्रा. बालरामन रवींद्रन होते, म्हणजे तांत्रिक माणसाला तिथे कोण विचारतंय हे रडगाणं बंद करा.

दुसरं, "साहेब लोकांना टेक्नॉलॉजी कळत नाही" हे डोक्यातून काढा. त्यांना जेवढं लागतं तेवढं कळतं. त्यांचा प्रश्न वेगळा असतो, उद्या सभागृहात तारांकित प्रश्न आला किंवा कोणी हायकोर्टात गेलं तर हे कोणत्या नियमाखाली केलं म्हणून सांगू? याचं उत्तर तुमच्याकडे नसतं, कारण सही तुम्हाला करायची नसते. हे एकदा पटलं की मीटिंगमधला तुमचा सूर आपोआप बदलतो.

आता ज्यात मी अडकलो ते सांगतो, आणि लांबण लागली तरी चालेल, कारण बाकी सगळं तुम्ही करत करत शिकाल पण हे कोणी सांगत नाही.

सरकारात तुमचं बोलणं पुढे जात नाही, टिपणी, म्हणजे फाईलवर लिहिलेला शेरा, पुढे जाते. कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, ती अवर सचिवांकडे, मग उपसचिव, मग सचिव, आणि प्रत्येक टप्प्यावर ती आखूड होते. यात कोणाची लबाडी नसते, वरच्या माणसाकडे वेळच नसतो. पण आखूड होताना काय गळतं? अटी गळतात. "जर", "साधारण", "या परिस्थितीत" हे सगळं गळतं आणि आकडा तेवढा शाबूत राहतो.

एका खात्यात गर्दीवरच्या कॅमेऱ्यांचा विषय होता, चेहरा ओळखणारी सिस्टीम घ्यायची का. मी अर्धा तास बोललो, ९९% अचूकता म्हणजे काय आणि काय नाही. इतिवृत्त आलं त्यात एकच ओळ, "प्रणालीची अचूकता ९९% असल्याचे तज्ज्ञांनी नमूद केले." ते तज्ज्ञ म्हणजे मी!

आता हिशेब बघा. समजा गर्दी १ लाखाची आणि पोलिसांना हवे असलेले त्यात ५० जण. सिस्टीम हव्या असलेल्यांपैकी ९९% बरोबर ओळखते, आणि ज्यांचा संबंध नाही अशा १०० जणांत एकाला चुकून हेरते. म्हणजे ५० पैकी जवळपास सगळे सापडले, झकास. पण उरलेल्या ९९,९५० लोकांपैकी १% म्हणजे साधारण १,००० जणांवर पण अलार्म वाजला. एकूण अलार्म १,०५०, त्यात खरे ५०. म्हणजे २१ वेळा अलार्म वाजला तर २० वेळा समोरचा माणूस निर्दोष असणार, आणि त्याला बाजूला घेणाऱ्या शिपायाला वाटणार की मशीन ९९% बरोबर असतं. यात सिस्टीम खराब नाहीये, हवे असलेले लोकच गर्दीत इतके कमी आहेत. तुम्हाला हे बेस रेट (मुळात असे लोक किती टक्के आहेत) म्हणून पाठ असेल, पण टिपणीत बेस रेट असा शब्द लिहिलात तर ते वाक्य पहिल्याच टेबलावर कापलं जाणार.

हे काल्पनिक वाटत असेल तर दिल्लीचं बघा. २०२२ मधे डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या आरटीआयला उत्तर देताना दिल्ली पोलिसांनी सांगितलं की चेहऱ्यांत ८०% च्या वर साम्य आलं की ते पॉझिटिव्ह, म्हणजे चेहरा जुळला, असं धरतात. हे ८० म्हणजे तोच माणूस असण्याची ८०% शक्यता नव्हे, तो साम्याचा स्कोअर आहे, ती रेघ कुठे मारायची हे माणूसच ठरवतो, आणि रेघ खाली आणली की चुकीचे लोक जास्त अडकतात. पण वाचणाऱ्याला टक्केवारी दिसते आणि दहावीच्या मार्कांसारखं वाटतं, ८०% म्हणजे चांगलेच की.

मग करायचं काय? आकडा आणि अट एकाच वाक्यात अशी विणायची की एक काढलं तर दुसरं उभंच राहू नये. "अचूकता ९९%, मात्र..." असं लिहाल तर मात्रच्या पुढचं उडालंच समजा. त्याऐवजी "१ लाखाच्या गर्दीत ५० संशयित असतील तर दर २१ इशाऱ्यांपैकी २० चुकीचे असतील" असं लिहा, आता काय कापतील? ९९ हा आकडा तर तुमच्या कागदावर येताच कामा नये.

कायद्यात पण हे जमू शकतं. युरोपने मोठ्या मॉडेल्ससाठी ट्रेनिंगला लागलेल्या कम्प्युटची, म्हणजे एकूण आकडेमोडीची मर्यादा घातली, दहाचा पंचविसावा घात इतकी फ्लॉप्स (गणिती क्रिया), त्याच्या वर गेलात तर सिस्टेमिक रिस्क, म्हणजे व्यापक धोका गृहीत. आपले इंजिनिअर हसतात, कारण कम्प्युट म्हणजे धोका नव्हे. बरोबरे, पण नियम करणाऱ्याला मॉडेल बाजारात यायच्या आधी मोजता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि हा आकडा बदलायचा अधिकार त्याच कलमात युरोपियन कमिशनला दिलाय. अट आकड्यासोबतच गेली. उलट आपल्याकडे आयटी मंत्रालयाच्या १ मार्च २०२४ च्या अ‍ॅडव्हायजरीत (कंपन्यांना पाठवलेल्या सूचनेत) पुरेशा न तपासलेल्या मॉडेलला सरकारची परवानगी घ्या म्हटलं, पुरेसं म्हणजे किती ते कुठेच नाही, आणि १५ मार्चला नवी अ‍ॅडव्हायजरी काढून परवानगीची अट मागे घ्यावी लागली.

मेंटॉरबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. सगळे निवृत्त सचिवांच्या मागे लागतात, समिटमधे फोटो काढतात. जरूर काढा, पण टिपणी जिथे जन्माला येते तो कक्ष अधिकारी तुम्हाला जास्त शिकवेल. त्याच्यासमोर बसून चहा प्या आणि तुमचा परिच्छेद त्याला स्वतःच्या शब्दात परत सांगायला सांगा, जे तो गाळेल तेच वर गळणार आहे.

पहिलं वर्ष फुकट गेल्यासारखं वाटेल, पगार पण बहुतेक कमीच होईल, घरचे विचारतील की हे नक्की काय करतोस. चालायचंच, सगळ्यांचं असंच होतं. नोकरी न सोडता सुरुवात करायची असेल तर मसुद्यांवर हरकती-सूचना पाठवा. ऑक्टोबर २०२५ च्या आयटी नियमांच्या मसुद्यात एआयने बनवलेल्या व्हिडिओवर किमान १०% जागा व्यापणारं लेबल सुचवलं होतं, त्यावर हरकती गेल्या, आणि फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांत ते १०% राहिलं नाही. पाठवताना निबंध लिहू नका. नियमाचा क्रमांक, त्यातले कुठले शब्द काढायचे, त्या जागी कुठले घालायचे, आणि खाली दोन ओळीत कारण, बस. पीडीएफ पाठवू नका, वर्डची फाईल द्या म्हणजे तुमचं वाक्य त्यांना जसंच्या तसं उचलता येईल.