पदवी हातात पडल्यावर: समावर्तनाचा उपदेश वापरायचा कसा

समावर्तन म्हणजे शिक्षण संपवून गुरूकडून घरी परतणं. अशा निघालेल्या शिष्याला गुरूने केलेला उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, ११व्या अनुवाकात आहे. ‘सत्यं वद’ सगळ्यांना पाठ असतं. रोजच्या कामाला येतं ते पुढचं.

‘स्वाध्यायान्मा प्रमदः’, म्हणजे अभ्यासात हयगय नको. रोज अर्धा तास पुरे, पण वेळ ठरलेली हवी, शक्यतो कामाला लागण्याआधीची. ‘रविवारी चार तास बसू’ हा बेत हमखास बारगळतो, कारण एक रविवार हुकला की अख्खा आठवडा कोरा जातो.

खरा ऐवज आहे तो पेचप्रसंगाबद्दल. नोकरी सोडावी का, वरिष्ठांनी सांगितलेली खटकणारी गोष्ट करावी का, अशा वेळी कुणाकडे बघायचं? उपनिषद पाच कसोट्या देतं: ‘संमर्शी’ म्हणजे साधकबाधक विचार करणारा; ‘युक्त’ म्हणजे त्या कामात मुरलेला; ‘आयुक्त’ म्हणजे इथे दुसऱ्याच्या तंत्राने न चालणारा; ‘अलूक्ष’ म्हणजे स्वभावाने रूक्ष नसलेला; आणि ‘धर्मकाम’ म्हणजे पैशापेक्षा योग्य काय ते पाहणारा. बहुतेक जण दुसऱ्या कसोटीवरच थांबतात आणि हुशार पण मिंध्या माणसाचा सल्ला घेऊन फसतात. शब्दही नीट पाहा: ‘यथा ते तत्र वर्तेरन्’. ते काय सांगतात यापेक्षा स्वतः कसे वागतात, ते बघायचं.

गुरूंचंही सगळं उचलू नका. ‘यान्यस्माकं सुचरितानि’, आमचं चांगलं तेवढंच घे, असं गुरूच बजावतात.