जपानीतील ‘ताते’ : ताजेपणा सांगणारा प्रत्यय

दादरच्या गाडीवर कढईतून नुकताच काढलेला वडा हातात पडतो, तेव्हा त्याच्या वाफेसकट असलेल्या ताजेपणासाठी जपानीत ‘आगेताते’ असा एकच शब्द पुरतो. क्रियापदाच्या ‘मासु’ने संपणाऱ्या सभ्य रूपातील ‘मासु’ काढून उरलेल्या भागाला ‘ताते’ जोडावे : ‘आगेमासु’ म्हणजे तळणे, त्यावरून ‘आगेताते’, ‘याकिमासु’ म्हणजे भाजणे, त्यावरून ‘याकिताते’. तयार झालेला शब्द नामासारखा चालतो, म्हणून पुढे नाम आल्यास मध्ये ‘नो’ (दोन नामे जोडणारा, आपल्या ‘चा-ची-चे’सारखा शब्द) घालावा : ‘याकिताते नो पान’, म्हणजे भट्टीतून नुकताच निघालेला पाव. (जपानी ‘पान’ आणि आपला ‘पाव’ दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले आहेत.) वाक्याच्या शेवटी मात्र ‘देसु’ (‘आहे’) पुरे.

विद्यार्थी चुकतात ते पुढे. हा प्रत्यय प्रत्येक क्रियापदाला लागत नाही. क्रियेनंतर वस्तूची किंवा व्यक्तीची नवी, ताजी अवस्था उरत असेल, तरच तो शोभतो. भात शिजवणे, रंग लावणे, जन्मणे, नवे शिकणे ही क्रियापदे चालतात. ओल्या रंगाच्या पाटीवर ‘पेंकी नुरिताते’ असेच लिहिलेले असते. ‘मी नुकताच जेवलो’ यासाठी ‘ताबेताते’ म्हणू नये. तेथे भूतकाळी रूपापुढे ‘बाकारी’ ठेवून ‘ताबेता बाकारी देसु’ म्हणावे. ‘बाकारी’ बोलणाऱ्याच्या मनातल्या काळावर चालतो, त्यामुळे गेल्या वर्षी झालेले लग्नही त्यात ‘नुकतेच’ ठरू शकते.