मोठ्या रबरी माशाने जिताडा पकडताना या चुका टाळा

जिताडा या खाडीतल्या शिकारी माशाचे तोंड मोठे असते आणि वीतभर बोय मासा तो सहज गिळतो, त्यामुळे त्याच्यासाठी आमिष म्हणून सहा ते आठ इंचांचा रबरी मासा वापरावा, हा नवशिक्यांचा विचार अगदी योग्य आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. नवी मुंबईतल्या दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या जेटीवर पाच मिनिटे उभे राहिले, की मासा आठ इंची आणि त्यातला गळ मात्र चार इंची माशाचा, असे दृश्य हमखास दिसते. रबरी मासा महाग मिळतो म्हणून जुन्याच जिग हेडवर, म्हणजे शिशाचे डोके असलेल्या गळावर, भागवण्याचा मोह होतो. तो मोह मलाही झाला होता, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी अमावास्येच्या उधाणात, ओहोटी लागल्यावर मी दिवाळ्याला गेलो होतो. सात इंची रबरी मासा नवाकोरा होता आणि तो मी घाईघाईत ३/० या लहान मापाच्या गळाच्या जिग हेडवर ओवला होता. गळाचे टोक डोक्यामागे जेमतेम बाहेर आले होते आणि रबराची पाठ चांगली जाड होती. तिसऱ्याच फेकीला खाडीच्या तोंडाशी असा धक्का बसला की रॉड अर्धा वाकला. जिताडा दहा-बारा सेकंद ओढत राहिला, मग पाण्याबाहेर झेपावला, डोके झटकले आणि दोरा सैल पडला. ओढून पाहिले, तर रबर पुढून सरकून गळाच्या वळणात गोळा झाले होते आणि टोक त्यात पूर्ण बुजले होते. शेजारी पाग (फेकजाळे) विणत बसलेले एक कोळी काका ते हातात घेऊन म्हणाले, “गल त दिसतच नाय रं तुझा.” त्यांच्यापुढे काही बोलण्यासारखे उरले नव्हते.

तेव्हापासून मी जिग हेड निवडताना नंबर वाचत नाही, माप घेतो. रबरी मासा टेबलावर आडवा ठेवायचा, जिग हेड त्याच्या बाजूला धरायचे, शिशाचे डोके जिथे संपते ते नाकाशी जुळवायचे आणि गळाचे वळण जिथे सुरू होते तिथे पाठीवर मार्करने ठिपका द्यायचा. सात इंची माशाला ८/० च्या आसपासचा गळ लागतो, पण रबराची जाडी कंपनीगणिक बदलते, म्हणून ठिपक्याशिवाय ओवू नये. टोक पाठीबाहेर आल्यावर टोक आणि गळाची दांडी यांच्यातले निदान अर्धे अंतर मोकळे दिसले पाहिजे. दिसत नसेल तर गळ लहान आहे.

वाकडे ओवणे ही दुसरी खोड, आणि तिला घाईशिवाय दुसरे कारण मला सापडलेले नाही. साच्यातून निघालेल्या माशाच्या पाठीवर आणि पोटावर एक बारीक शिवण असते. टोक नाकाच्या मध्यावरून आत घालून त्या शिवणीतूनच बाहेर काढायचे. थोडे जरी बाजूला गेले तरी अंग दुमडते, मासा ओढताना गरगर फिरतो आणि ब्रेडला (विणलेल्या दोऱ्याला) पीळ पडून पुढच्या फेकीला रीलवर गुंता होतो. पहिली फेक टाकण्याआधी मी मासा जेटीच्या कडेला दोन मीटर ओढून पाहतो. तो एका कुशीवर कलला, तर काढून पुन्हा ओवतो. काहीजण अशा वेळी मानेशी फेविक्विक लावून मोकळे होतात. फेविक्विक मीही लावतो, पण सरळ ओवून झाल्यावर, रबर खाली सरकू नये म्हणून. वाकड्या माशाला ते लावले तर वाकडेपणाच पक्का होतो.

नाक फाटले तर अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा ओवावे. संपूर्ण वजन, म्हणजे शिसे आणि रबर मिळून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर करावे आणि रॉडवर लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे. केवळ शिशाचे वजन धरणाऱ्यांचे रॉड मोडलेले मी पाहिले आहेत. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते, म्हणून दोऱ्याच्या पुढच्या टोकाला मीटरभर जाड फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे सहज न कापला जाणारा जोडदोरा, चाळीस ते साठ पौंडांचा, हवाच.

पहिल्या टकटकीला हिसका मारणे ही उतावळ्यांची खास चूक आहे. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, पण एवढा जाड रबरी मासा त्याच्या तोंडात पुरता जायला क्षणभर लागतो. तेवढ्यात हिसका दिला, तर जिताडा सुटतो आणि “बाइट होता, हुक लागला नाही” ही कहाणी चहाच्या टपरीपर्यंत चालते. मी रील फिरवत राहतो. दोऱ्यावर वजन आले, की रॉड आडवा, जोरात आणि एकदाच ओढतो. जाड रबरातून टोक जबड्यात रुतवायचे असल्याने रॉड ताठ असावा लागतो. जिताडा झेपावला, तर दोरा ताणलेला ठेवावा, कारण जड शिसे झटक्यासरशी गळ बाहेर फेकते.

अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवशी, पाणी धड वाहत नसताना, याच रबरी माशाने चार तास पाणी झोडपणाऱ्यांना मी काही सांगत नाही. उधाणाच्या ओहोटीला तिवरांतल्या चिऱ्यांमधून (पाण्याच्या अरुंद वाटांमधून) बोय आणि कोळंबी बाहेर पडते, तेव्हा चिऱ्याच्या तोंडाशी मासा तळाजवळून सावकाश ओढावा; भराभर रील फिरवली तर तो वर येतो आणि शेपटीची हालचाल नकली दिसते.

साठवण्याबद्दल एवढेच, की रबरी मासे रंगवलेल्या कडक ल्युअरबरोबर (कृत्रिम आमिषांबरोबर) एका डब्यात ठेवू नयेत. रबरातले मऊपणा आणणारे द्रव्य रंग आणि डबा दोन्ही विरघळवते. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत राहून शेपटी वाकडी झाली असेल, तर मासा कढत पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात सोडावा. घरी आल्यावर ओवलेला मासा गोड्या पाण्याने धुऊन, गळ काढून वाळवावा, नाहीतर खाऱ्या पाण्याचा गंज रबराच्या आत चढतो आणि पुढच्या उधाणापर्यंत तो बाहेरून दिसतही नाही.