बी.पी.एड. की एन.आय.एस.? क्रीडाक्षेत्रातली वाट निवडताना

आधी ठरवा: शाळेत शिकवायचंय की खेळाडू घडवायचेत? इथेच बहुतेकांची गल्लत होते.

शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकपदासाठी पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी) लागतं. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. लेखी परीक्षेसोबत मैदानी चाचणीही असते, त्यामुळे नुसती पुस्तकं घोकून भागत नाही. धावण्याचा सराव निदान तीन महिने आधी सुरू करा. शेवटच्या पंधरवड्यात जोर लावला की पोटरी किंवा मांडीचा स्नायू धरतो आणि चाचणीच हुकते. महाविद्यालयाला एन.सी.टी.ई.ची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी पाहा. मान्यता नसेल तर ती पदवी शिक्षकभरतीत चालत नाही.

महाविद्यालयात क्रीडा संचालक व्हायचं असेल तर एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. शिवाय यू.जी.सी.च्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार क्षमता चाचणी: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. अंतर फार नाही, पण पदव्या जमवण्याच्या नादात मैदान सुटलेल्यांची इथे दमछाक होते.

प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या एन.आय.एस.ची (राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) पदविका घ्या. ती एकाच खेळाची असते, म्हणून स्वतः स्पर्धा खेळलेला खेळच निवडा. मात्र या पदविकेवर शाळेत शिक्षक होता येत नाही.

खेळाची प्रमाणपत्रं जपून ठेवा. राज्य सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते; ती जाहिरात येण्यापूर्वीच करून घ्या.