मांडवात मढं लपवायचं तर: लग्नघरातली ब्लॅक कॉमेडी कशी उभी करायची

समजा गोष्ट अशी: कोल्हापुरातलं लग्नघर, उद्या अक्षता, आणि आज माडीवर आजोबा गेले. बातमी फुटली की सुतक, आणि सुतक म्हणजे लग्न पुढं ढकललं. इथं बहुतेक पटकथा वेळेत चुकतात. देवक बसल्यावर सुतक त्या लग्नाच्या आड येत नाही, असं शास्त्र आहे आणि ते ठाऊक असलेली एखादी आत्या थिएटरात असतेच. त्यामुळं आजोबा देवक बसायच्या आधीच गेले पाहिजेत. नंतर गेले तर भटजीच "चालू द्या" म्हणतील आणि लपवालपवी तिथंच संपेल.

पात्रं 12-14 पुरेत. संवाद लिहिण्याआधी एका मोठ्या कागदावर तक्ता करा. आडवे प्रसंग, उभी पात्रं आणि प्रत्येक चौकटीत एकच नोंद: याला आत्ता काय ठाऊक आहे? शेजारशेजारच्या दोन चौकटींत फरक असेल तिथंच हशा येतो. एका प्रसंगात एकालाच नवी बातमी कळू द्या. चौघांना एकदम कळली की रडारड सुरू होते आणि विनोद जातो. आचारी किंवा फेटेवाला यांच्यापैकी एकाला मात्र लवकर कळू द्या. त्याला मानपान नसतो, हिशेब असतो. राहिलेले पैसे मागायची वेळ तो बरोबर साधतो.

चित्रीकरणासाठी मंगल कार्यालय पितृपक्षात घ्या. मुहूर्त नसल्यामुळं ते रिकामं असतं आणि पावसाचा जोरही बऱ्यापैकी ओसरलेला असतो. तरी पत्र्याचं छप्पर टाळा, एक सर आली की आवाज वाया. अर्थात पितरांच्या पंधरवड्यात खोट्या का होईना अक्षता टाकायला काही म्हातारी माणसं येत नाहीत, गर्दी जमवताना ते धरून चाला. घराच्या आतले प्रसंग मोरेवाडीच्या चित्रनगरीत उरकले तर गावातल्या गाड्यांचा त्रास वाचतो.

आता आजोबा. मेलेल्याचं काम करणाऱ्या नटाचा श्वास दिसतो, हे कायमचं दुखणं. शॉट 15 सेकंदांच्या आत ठेवा, आधी श्वास सोडून मग थांबायला सांगा आणि शेजारी टेबलफॅन लावा. वाऱ्यानं चादरच हलत राहिली की छातीची हालचाल झाकते. फॅनची घरघर रेकॉर्ड होणारच, म्हणून संवाद त्याच जागी फॅन बंद करून पुन्हा घ्या. जिना उतरवताना पुतळा वापराल, तर त्याच्यात तांदळाची 40 किलोची पोती बांधा. हलका पुतळा उचलणाऱ्यांच्या पाठी वाकत नाहीत आणि सगळं नाटकी दिसतं.

हलगी खरी वाजू लागली की संवादाची काटछाट अशक्य, कारण प्रत्येक टेकमध्ये ठेका वेगळ्या जागी पडतो. हलगी आधी रेकॉर्ड करा. संवादाच्या वेळी वादकांनी नुसते हात हलवायचे. मंगलाष्टकांचंही तसंच: एका लयीत रेकॉर्ड करून सेटवर वाजवा, म्हणजे प्रत्येक "सावधान"वर मांडव आणि माडी असं आलटून पालटून कापता येतं. अंतरपाटाच्या अलीकडं नवरी, पलीकडं नवरा, आणि वर दोघं मामा आजोबांना खुर्चीत बसवतायत.

बाहेरून आलेल्या नटीला बोली आधी आठवडाभर ऐकवा. इथली बाई "मी आलो, जेवलो" म्हणते. शिकवलेली नटी तीन वाक्यं तसं बोलते आणि चौथ्याला "आले" म्हणून जाते. डबिंगला सगळ्यांत जास्त वेळ यातच जातो.

अक्षतांचा हिशेब मुठीवर: माणशी 30 ग्रॅम धरले तर शंभर माणसांना एका टेकला 3 किलो. प्रत्येक टेकनंतर झाडू मारा, नाहीतर पहिल्या मंगलाष्टकालाच जमिनीवर आठव्याइतके तांदूळ दिसतात. नवरा-नवरीच्या हारांचे रोज तीन जोड लागतील. दिव्यांच्या उष्णतेत निशिगंध दुपारपर्यंत मान टाकतो.