जुन्या सोसायटीतली नव्याने सजवलेली सदनिका घेताना

पुण्यातील डेक्कन, एरंडवणे किंवा सहकारनगर भागातील चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्यांमध्ये 'संपूर्ण नूतनीकरण केलेला टू-बीएचके' म्हणून जी सदनिका दाखवली जाते, तिच्यात शिरताच नजर फॉल्स सिलिंगमधल्या दिव्यांवर, मॉड्युलर स्वयंपाकघरावर आणि चकचकीत फरशीवर जाते. ही नजर थोडी आवरावी. सदनिकेच्या आतले काम दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा करता येते. स्लॅब, खांब, जमिनीचे कागद आणि सोसायटीचा कारभार मात्र जसा असेल तसा पदरात पडतो. म्हणून भाव ठरवताना आधी इमारतीची किंमत करावी आणि सजावटीला सर्वांत शेवटी मोल द्यावे.

पाहणीची सुरुवात वरून करावी. जुन्या स्लॅबमध्ये ओल मुरली की आतल्या सळ्या गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि खालचे काँक्रीट पोपड्यासारखे सुटू लागते. पुण्यात हे जून ते सप्टेंबरच्या पावसात उघडे पडते आणि दिवाळीच्या रंगकामात पुन्हा झाकले जाते. फॉल्स सिलिंग असेल तर ते स्लॅबचे दोष सहज लपवते. त्यामुळे दिव्याची एखादी चौकट काढून टॉर्चने वरची स्लॅब पाहू द्यावी, अशी विनंती विक्रेत्याला निःसंकोच करावी. ती नाकारली गेली, तर त्या नकारालाही अर्थ आहे असे मी समजतो. मी स्वतः पहिली सदनिका मार्चमध्ये पाहून घेतली होती आणि जुलैत बैठकीच्या खोलीचा कोपरा काळा पडला, तेव्हा गच्चीचा कोबा तडकला आहे हे इमारतीतल्या सगळ्यांना आधीच ठाऊक असल्याचे कळले. शक्य असेल तर पावसाळ्यात एक फेरी मारावी आणि सदनिका सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, तर गच्चीवर जाऊन यावेच.

यानंतर फरशी. नूतनीकरणात जुनी मोझॅक किंवा शहाबादी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवण्याची पद्धत सर्रास आढळते, कारण राडारोडा कमी निघतो आणि काम लवकर उरकते. पण वजनाचा हिशेब कोणी करत नाही. १८ मिलिमीटर जाडीच्या संगमरवराचे वजन चौरस मीटरला सुमारे ५० किलो असते आणि खालच्या ४० मिलिमीटर मसाल्याचे सुमारे ८०; म्हणजे १२० चौरस फुटांच्या एका खोलीवर जवळजवळ दीड टन भार कायमचा वाढतो. राहत्या घराची स्लॅब माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखलेली असते, हे लक्षात घेता ही वाढ किरकोळ नाही. दाराची खालची कड कापलेली दिसली किंवा शेजारच्या घरापेक्षा उंबऱ्याची पातळी वर आली असेल, तर खाली दोन थर आहेत असे समजावे.

भिंती कोठे पाडल्या आहेत, हे पालिकेच्या मंजूर नकाशाशी ताडून पाहावे. जुन्या इमारतींपैकी काही आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) सांगाड्यावर, तर काही भार वाहणाऱ्या जाड विटांच्या भिंतींवर उभ्या आहेत. दुसऱ्या प्रकारात स्वयंपाकघर मोकळे करण्यासाठी काढलेली भिंत म्हणजे वरच्या मजल्यांचा आधारच काढणे होय. असे काम करण्यापूर्वी सभासदाने व्यवस्थापक समितीची परवानगी घ्यायची असते, त्या पत्राची प्रत मागावी. बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर तिलाही मंजुरी आहे का ते पाहावे.

न्हाणीघरांची खरी परीक्षा आपल्या घरात होत नाही, ती खालच्या मजल्यावर होते. खालच्या बिऱ्हाडाकडे जाऊन त्यांच्या न्हाणीघराचे छत पाहण्याची परवानगी मागावी. त्यातून पुढच्या शेजाऱ्याची ओळखही होते. विक्रेता तयार असेल तर जाळी बुजवून चोवीस तास पाणी साठवून ठेवावे. नळ नवे पण भिंतीतले पाइप जुन्या जीआयचेच (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), असा प्रकार होतो. सगळे नळ एकदम सोडले की दाबावरून तो ओळखता येतो. विजेसाठी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि महावितरणच्या बिलावरील मंजूर भार दोन एसी व गीझर पेलण्याइतका आहे का, एवढे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

आता कागद. पुण्यात प्रत्येक इमारत सोसायटी नसते. बरीच १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची कंडोमिनियम, म्हणजे सदनिकाधारकांच्या संयुक्त मालकीच्या इमारती असतात, जिथे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट नसून सदनिकेच्या मालकीचा दस्त, म्हणजे डीड ऑफ अपार्टमेंट असते. सोसायटी असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी लिहून देणे) तिच्या नावे झाले आहे का, हे मिळकत पत्रिकेवर पाहावे. झाले नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर किंवा जमीनमालकाच्या सहकार्याविना सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतरणाचा) मार्ग आहे, पण तो वेळखाऊ आहे आणि त्याविना पुनर्विकास अडतो. मूळ मालक हयात नसेल तर केवळ नामनिर्देशित व्यक्तीची सही पुरेशी मानू नये, सर्व वारसांची हक्कसोड पत्रे किंवा संमती घ्यावी. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेण्याचा खर्च वाचवू नये.

सेक्रेटरींकडून तीन गोष्टी मागाव्यात: थकबाकी नसल्याचा दाखला, अलीकडचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल आणि मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) तीस वर्षांपुढील इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी व्हावे लागते; ते झालेलेच नसेल तर स्वतःचा अभियंता नेऊन रिबाउंड हॅमरची (काँक्रीटवर ठोका देऊन त्याच्या मजबुतीचा अंदाज घेणारी) चाचणी तरी करून घ्यावी. सदनिका नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्याहून अधिक रक्कम 'देणगी' म्हणून मागितली गेल्यास नम्रपणे नियम दाखवावा.

इतिवृत्ते सर्वांत काळजीपूर्वक वाचावीत, कारण पुनर्विकासाचा विषय तिथेच प्रथम डोकावतो. तो ठराव झाला असेल, तर विक्रेत्याने ओतलेले दहा-पंधरा लाख पाडकामातच जाणार आहेत आणि त्यांचा भार आपण उचलण्याचे कारण नाही. अशा व्यवहारात फक्त जागेचे चटई क्षेत्र आणि सभासदत्वाचे हक्क यांचाच भाव द्यावा. इमारत आणखी वीस वर्षे उभी राहणार असेल, तर मात्र चांगल्या कामाला जरूर पैसे मोजावेत, फक्त ताबा घेताना कंत्राटदाराची बिले, मुख्य व्हॉल्व्हची जागा आणि फरशा बसण्यापूर्वी काढलेले पाइपांचे व वायरिंगचे फोटो ताब्यात घ्यावेत.